डेलने भरलेली टाकी

जे आपल्या हाती ठेव म्हणून राहिले, ते जपावे की वापरावे, हा प्रश्न मनुष्याला आयुष्यात एकदा तरी पडतो. आणि बहुधा तो अशा वेळी पडतो, जेव्हा दोन्ही मार्ग सारखेच क्लेशकारक झालेले असतात. जपलेली वस्तू जपणाऱ्याच्या डोळ्यांदेखत आतून नासत जाते. वापरलेली वस्तू संपते. ज्याला नासणे पाहवत नाही आणि संपणेही सोसवत नाही, तो तिसरी वाट शोधू लागतो. त्या शोधात त्याच्या हातून जे घडते त्याला पाप म्हणू नये. परंतु त्याचे फळ पापाच्या फळाइतकेच कडू असते, आणि ते त्याला एकट्यालाच चाखावे लागते. आमच्या नेब्रास्कातल्या मक्याच्या मुलखात, चेक वस्तीतल्या लुमीर साबाता या वृद्ध शेतकऱ्याच्या बाबतीत असेच झाले. त्याच्याविषयी कठोर बोलावे असा मनुष्य आमच्यात तेव्हाही कोणी नव्हता, आजही नाही.

गुडघे निकामी झाल्यावर लुमीर ओमाहा शहरात मुलीच्या घरी राहायला आला होता. चौथ्या मजल्यावरची जागा, दोन खिडक्या, खाली गाड्या उभ्या करण्याचे आवार. एका मंगळवारी सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन तो दाराबाहेर पडला आणि जागीच थांबला. समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराला एक रंगारी वॉर्निश देत होता. ब्रश वरून खाली जात होता, लाकूड मधासारखे तकाकत होते, आणि त्या अरुंद बंद बोळात एक उग्र, आंबूस, गोडसर वास दाटून राहिला होता. लुमीरने भिंतीला तळहात टेकला. "वास चढला का, आजोबा? खिडकी उघडू?" रंगाऱ्याने विचारले. लुमीरने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. हा वास त्याने जन्मभर ओळखला होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांची कितीतरी विसरलेले ट्रॅक्टर, पंप, गवत कापायची यंत्रे त्याने उघडली होती आणि प्रत्येकाच्या पोटातून हाच वास आला होता. पेट्रोल वर्षानुवर्षे साठून राहिले की त्याचे पेट्रोलपण उडून जाते. मागे उरतो तो चिकट, तांबूस राळेसारखा गाळ, हुबेहूब वॉर्निशासारखा. हे त्याला ठाऊक होते. पण आपल्या शेतावरच्या छपरात उभ्या असलेल्या ट्रकच्या टाकीला हे ज्ञान लागू पडते, असे इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या मनात आले नव्हते. डेलने, त्याच्या मुलाने, ती टाकी काठोकाठ भरली होती. लुमीरच्या मनात ते पेट्रोल अजून तसेच होते, त्या संध्याकाळचे, निर्मळ, थंड, टोपण उघडताच डोळ्यांना झोंबणारे. मातीत पुरलेल्या देहाचे काय होते याचा विचार त्याने अनेक रात्री केला होता आणि तो सोसलाही होता. टाकीतल्या पेट्रोलचे काय होते हा विचार मात्र त्याला आज, कचऱ्याची पिशवी हातात धरून, परक्या दारासमोर पहिल्यांदा सुचला.

आर्लीन, त्याची मुलगी, दुपारी कामावरून आली तेव्हा तो अंगात कोट घालून खुर्चीत बसला होता. "मला शेतावर सोड," तो म्हणाला. "ताता, लिलाव शनिवारी आहे. शनिवारी जाणारच आहोत आपण." "आज सोड. ट्रक सुरू करायचाय." आर्लीनने हातातली पिशवी खाली ठेवली आणि बापाकडे नीट पाहिले. गेली कित्येक वर्षे ज्या ट्रकचे नाव त्या घरात कोणी उच्चारले नव्हते, ते त्याने असे सहज, दूध संपल्याचे सांगावे तसे उच्चारले होते. मग तिनेही, काही विशेष घडले नाही अशा आवाजात सांगितले, की मधमाश्या पाळणाऱ्या एका जोडप्याचा फोन आला होता. पेट्या एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायला त्यांना तसलाच जुना, बुटका ट्रक हवा आहे. "ती बाई म्हणाली, लिलावाच्या सकाळी तो बोलत असला तर आम्ही घेऊ आणि वापरू. शोभेला ठेवणार नाही." लुमीर म्हणाला, "बोलेल."

आमच्या भागात शेताचा लिलाव असला की सकाळी सगळी यंत्रे सुरू करून अंगणात ओळीने धडधडत ठेवण्याची रीत आहे. घेणारा माणूस येतो, कोणाला काही विचारत नाही, नुसता तळहात इंजिनाच्या झाकणावर ठेवतो आणि क्षणभर उभा राहतो. वैद्याने नाडी पाहावी तसा. जे यंत्र बोलत नाही ते साखळीने ओढून कुंपणापाशी नेतात. त्या ओळीकडे एकटा भंगारवालाच फिरकतो. लुमीरने आयुष्यात अशा कित्येक सकाळी पाहिल्या होत्या आणि कुंपणापाशी गेलेल्या वस्तूंकडे पाहण्याचे शिष्टाचाराने टाळले होते, जसे आपण दुसऱ्याच्या घरातल्या आजाऱ्याच्या खोलीत डोकावत नाही. आपला ट्रक तिथे उभा आहे आणि माणसे त्याच्याकडे पाहण्याचे टाळत आहेत, हे चित्र गाडीत बसल्यापासून शेत येईपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढून हलले नाही. दोन्ही बाजूंना कापून झालेल्या मक्याचे खुंट होते, आभाळ खाली आलेले होते, आणि आर्लीन काहीतरी बोलत होती.

छपराचे दार दोघांनी मिळून सरकवले. आत ट्रक होता. चारही चाके बसलेली, काचेवर चिमण्यांची घाण, हिरव्या रंगावर धुळीची साय. लुमीर थेट पुढे गेला, झाकण उचलले आणि इंजिनात पाहू लागला. चालकाच्या जागेकडे त्याने पाहिले नाही. आर्लीन म्हणाली, "मी राहू का?" तो म्हणाला, "एर्विन येईल." आणि खरोखरच, तिची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच शेजारच्या शेतावरचा एर्विन ब्लाहा, त्याच्या बरोबरीचा, जन्माचा मित्र, कोटाच्या दोन्ही खिशांत कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, कोंबून हजर झाला.

"धूर नाही, फोन नाही, आणि छपराचं दार उघडं. मला वाटलं चोर," एर्विन म्हणाला.

"चोर काय नेणार इथून?"

"तेच म्हटलं, त्याला बिचाऱ्याला काहीतरी खायला द्यावं." त्याने बायकोच्या हातचा एक पाव पुढे केला. "घे. मिल्ड्रेडनं केलेत. म्हणजे दात सांभाळून."

कार्ब्युरेटर चार नटांनी धरलेला होता. तीन नट तेल पाजल्यावर सुटले, चौथ्याने अर्धा दिवस घेतला. तो मुठीएवढा जड धातूचा गोळा जेव्हा सुटून लुमीरच्या हातात आला, तेव्हा त्याला आपल्या तळव्याची पूर्वीची सवय आठवली. वजन कुठल्या बाजूला झुकते, बोट कुठे बसते, सर्व. त्याने तो बाकावर फडक्यावर ठेवला आणि वरचे झाकण उघडले. ज्या वाटीत पेट्रोल साचून इंजिनाला थोडेथोडे मिळते, ती वाटी कोरडी होती. तिच्या तळाशी तपकिरी काचेसारखा थर होता आणि पितळेचा तरंगता फ्लोट त्यात पाय रुतलेल्या माशीसारखा अडकला होता. पेट्रोल आत सोडणारी सुई जागच्या जागी चिकटली होती. पंपाच्या दांड्यावरचे चामडे आक्रसून मेलेल्या पानासारखे झाले होते. हे सगळे त्याला अपेक्षित होते. तरीही तो पाहत राहिला. वाटीतले उडून गेले, ते थोडे होते. टाकीतले पुष्कळ होते, आणि टोपण घट्ट होते. एवढ्या एका वाक्याला त्याचे मन धरून होते.

सर्व भाग त्याने रॉकेलच्या डब्यात भिजत घातले. चामडे वेगळ्या बशीत, तेलात. मग जेट. सुईच्या अग्राएवढी भोके असलेले पितळेचे ते इवलेसे स्क्रू त्याने एकेक करून प्रकाशात धरले, सगळे आंधळे. तारेने टोकरू नये, पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग इंजिन जन्मभर जास्त खाते. झाडूची काडी घ्यावी. हे तो डेलला याच बाकापाशी शिकवत असे. डेल काडी फिरवून झाल्यावर जेट ओठांत धरून फुंकर मारायचा आणि शिटी वाजली की हसायचा. त्याच्या ओठांवर निळसर वर्तुळ उमटलेले असायचे आणि आई जेवताना त्याला म्हणायची, जा, तोंड धुऊन ये, पेट्रोल प्यायलेल्या पोराला माझ्या टेबलावर जागा नाही. पोरगा चोवीस वर्षांचा होईपर्यंत तेच. लुमीरने काडी फिरवली, जेट ओठांत धरला, फुंकर मारली. तोंडात कडवट, जिभेला चिकटणारी चव आली. शिटी वाजली नाही. त्याने पुन्हा काडी घेतली.

"लुमीर, अरे हा कार्ब्युरेटर आहे की फादरचा चांदीचा पेला? किती घासशील!" एर्विन उलट्या बादलीवर बसून पेट्रोलची तांब्याची नळी हवेच्या पंपाने साफ करत होता.

"तू नळीकडे बघ. काही निघालं?"

"निघाली एक कोळीण. तिच्या सात पिढ्या निघाल्या. मी माफी मागितली."

"आता तरी हवा सरळ जाते का?"

"जाते. माझ्या छातीपेक्षा बरी जाते." त्याने नळी खाली ठेवली, खोकला, आणि दुसऱ्या खिशातला कोलाच काढला. "तुला आठवतं, डेलनं एकदा माझ्या ट्रॅक्टरची अशीच नळी साफ केली आणि उलटी बसवली? दोन दिवस मी ट्रॅक्टरला शिव्या देत होतो."

लुमीरचे हात थांबले. एर्विनने ते पाहिले, पण तो मुद्दाम चावत राहिला. त्या घटनेनंतर डेलचे नाव घेऊन हसणारा तो एकटाच होता, आणि लुमीरला त्याचा संताप येई, आणि तो आला नाही की दिवस रिकामा वाटे.

ती घटना अशी: मक्याच्या कोठारात वरचा थर ओलाव्याने घट्ट बसला होता. खालून मका काढायला सुरुवात केली तरी वरचा थर पुलासारखा तसाच राहिला, आणि तो फोडायला डेल वर चढून आत उतरला. आदल्या संध्याकाळी गावातून येताना त्याने ट्रकची टाकी भरून घेतली होती. कारण बापाने शिकवले होते, की यंत्र अर्ध्या पोटी झोपवू नये, आतल्या रिकाम्या जागेत पाणी धरते. ट्रक छपरात लावून, किल्ली खिळ्याला अडकवून तो जेवायला आला होता. टाकी भरली, एवढेच तो त्या संध्याकाळी ट्रकविषयी बोलला. दुसऱ्या सकाळी थर फुटला आणि मक्याने त्याला पाण्यासारखे आत ओढले. मग शेजारी आले, वीस की तीस, कुऱ्हाडी घेऊन, आणि त्यांनी कोठाराच्या पत्र्याला भगदाडे पाडली. लुमीरला चेहरे आठवत नव्हते. पत्रा फाटल्यावर दाणे बाहेर पडतानाचा आवाज मात्र आठवत होता; मोठा, सुखद, संपन्नतेचा आवाज, जो सुगीत ऐकताना आयुष्यभर बरे वाटत आले होते. पिवळ्या दाण्यांची टेकडी अंगणभर पसरली. तो मका विकावा असे कोणी सुचवले नाही. शेजाऱ्यांनी तो रातोरात भरून नेला आणि कुठे नेला ते त्याला आजतागायत सांगितले नाही. एर्विनला ठाऊक होते. लुमीरने त्याला कधी विचारले नाही, आणि न विचारणे हाच त्या दोघांमधल्या मैत्रीचा पाया होऊन बसला होता.

शुक्रवारी दुपारी सर्व जुळून आले. चामडे तेल पिऊन फुगले, सुई आपल्या जागी मोकळी सरकू लागली, सगळ्या जेटनी शिट्या दिल्या. इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा फाटलेला पडदा एर्विनने गावातून नवा आणला, बॅटरीही नवी आणली. चाकांत हवा भरली, सिलिंडरांत चमचाचमचा तेल सोडून इंजिन आधी हाताने फिरवून पाहिले, ते फिरले. मग लुमीरने ताज्या पेट्रोलचा एक डबा झाकणाच्या दांडीला टांगला, त्यातून रबरी नळी थेट कार्ब्युरेटरला जोडली आणि एर्विनला सेल्फ मारायला सांगितले. पहिल्यांदा नुसता कण्हण्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा एक शिंक. तिसऱ्यांदा संपूर्ण ट्रक अंग झाडून थरथरला, छपरातली कबुतरे फडफडत बाहेर पडली, आणि इंजिन लागले. खडखडत, अडखळत, मग सावरत, मग एकसारखे. एर्विन खिडकीतून ओरडला, "बोलतोय रे! तुझ्यापेक्षा जास्त बोलतोय!" लुमीरने झाकणावर तळहात ठेवला. धातू हळूहळू ऊबदार होत गेला आणि ती ऊब मनगटापर्यंत आली. त्याला वाटले, आता आनंद होईल. तो वाट पाहत उभा राहिला.

इंजिन बंद करून एर्विन खाली उतरला आणि हात पुसत म्हणाला, "आता टाकी. बादल्या कुठे आहेत?"

"ते मी करतो. तुझ्या गाईंची धार काढायची वेळ झाली."

"गाई मिल्ड्रेडला ओळखतात, मला नाही. बादली कुठे?"

"म्हटलं ना, मी करतो."

एर्विन पावाचे कण कोटावरून झटकीत राहिला. कण उरले नव्हते तरी झटकीत राहिला. "हे बघ म्हाताऱ्या. माझ्या ट्रॅक्टरमध्ये जुनं पेट्रोल घालून एक दुपार नांगरलं होतं मी. मस्त चालला. रात्री इंजिन गार झालं, आतला चीक आवळला, सकाळी सगळे व्हॉल्व्ह जागच्या जागी घट्ट. सेल्फ मारला तर आतल्या सळ्या वाकल्या शेवयांसारख्या. तेव्हा अख्ख्या गावादेखत मला गाढव कोण म्हणालं?"

"मी."

"मग?"

"मग काही नाही. जा तू."

"डेलनं भरलंय ते. मला ठाऊक आहे." एर्विनचा आवाज एकाएकी खाली आला. "त्याच्या हातचं आहे म्हणून तर सांगतो. ओतून टाक, लुमीर. मी ओतू का? तू घरात जा, मी ओततो."

"कुठे ओतशील?"

जुने पेट्रोल आमच्याकडे सगळेच कुंपणाच्या कडेच्या काटेरी झुडपांवर ओततात. झुडपे जळतात आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा येतात. दोघेही क्षणभर त्या कुंपणाकडे पाहत राहिले. मग एर्विन म्हणाला, "नीट कर म्हणजे झालं," आणि गेला.

लुमीर ट्रकखाली उताणा झाला. बैठकीच्या मागे असलेल्या टाकीचे बूच खालून हाताशी येत होते. बादली सरकवली, पाना लावला, पाव फेरा दिला. बुचाच्या कडेने काळपट तांबडा थेंब जमला, लोंबला, त्याच्या बोटावर पडला. बोळातला तोच वास. त्याने बोट नाकाशी नेले आणि डोळे मिटले, आणि त्या वासाच्या तळाशी, खूप खोल, दुसरे काहीतरी आहे असे त्याला वाटले. मूळचे, त्या संध्याकाळचे, न नासलेले. ते असेल किंवा नसेलही. पण गावातल्या पंपावर उभा राहून, नळी टाकीत धरून, आकडे फिरताना पाहत डेल जी काही मिनिटे जगला होता, ती मिनिटे द्रवरूपाने या पत्र्यामागे शिल्लक होती, आणि ती झुडपांवर ओतायची होती. चालण्यासाठी भरलेले होते ते. मग चालण्यातच का संपू नये? मक्याचे काय केले ते लोकांनी ठरवले, देहाचे काय करायचे ते फादरने ठरवले. हे एक तरी माझे असावे. थोडेसेच जाळीन. थोडेसे जाळून मग उरलेले ओतीन. थोड्याने व्हॉल्व्ह चिकटत नाहीत. हे शेवटचे वाक्य खोटे आहे हे त्याला ते मनात येतानाच ठाऊक होते. जन्मभर त्याने ते इतरांच्या तोंडून ऐकले होते आणि इतरांना गाढव म्हटले होते. त्याने बूच पुन्हा आवळले.

नळी टाकीला जोडून तो चालकाच्या जागेवर चढला. किल्ली फिरवली. ताज्या पेट्रोलवर तापलेले इंजिन लगेच लागले, मग जुने पोहोचले तसे ठसकले, जणू कोणी अपरिचित अन्न तोंडात घातले, आणि मग त्याने ते स्वीकारले. मागे निळा, तिखट धूर सुटला. त्याने डोळ्यांतून पाणी आले आणि लुमीरला त्या पाण्याचे कारण शोधावे लागले नाही. त्याने ट्रक छपराबाहेर काढला. अंगण, कोठार जिथे होते ती जागा, फाटक, शेतामधला कच्चा रस्ता. संध्याकाळचा उजेड खुंटांवर आडवा पडला होता. खिडकीची काच वर होत नव्हती, गार वारा कानात शिरत होता, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्याला कळत होते की आता इतके कमी झाले, आता आणखी इतके. तो जातो आहे, त्याला वाटले. मी त्याला नेतो आहे आणि तो जातो आहे. रस्त्याच्या टोकाशी, जिथून परत वळायचे आणि थोडेच जाळायचे असा करार त्याने स्वतःशी केला होता, तिथे तो वळला नाही. पुढच्या चौकातही नाही. उजेड संपत आला तेव्हा तो परतला. इंजिन सुरेल चालत होते. ते बंद करताना त्याचा हात किल्लीवर बराच वेळ राहिला. पुढे कित्येकदा त्याला वाटले, की तेव्हा बंद केलेच नसते, तसेच रात्रभर चालू ठेवले असते, तर. पण सकाळपर्यंत पेट्रोल संपले असते, आणि गार तर ते केव्हातरी झालेच असते.

शनिवारी आठाच्या सुमारास अंगण माणसांनी भरले. चर्चमधल्या बाया पडवीत कॉफी आणि कोलाचे मांडून बसल्या, लिलाव पुकारणारा घसा साफ करू लागला, आणि ओळीतली यंत्रे एकामागून एक बोलू लागली. मधमाश्या पाळणारे जोडपे लवकर आले होते. लायल उंच, लाजरा. नोरीन बुटकी, तिच्या मनगटांवर डंखांच्या जुन्या खुणा. तिने ट्रकभोवती एक फेरी मारली, मागच्या फळ्या दाबून पाहिल्या आणि लुमीरला म्हणाली, "पंधरा पेट्या मावतील. माझ्या माश्यांना हादरे सोसत नाहीत. हा चढावर रडत नाही ना?"

"काल नाही रडला," लुमीर म्हणाला.

"मग ऐकवा ना आजोबा. लायल, इकडे ये, हात ठेव."

लायलने इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला. एर्विन थोडा दूर, हात खिशात घालून उभा होता. त्याने ट्रककडे पाहिले नाही, रस्त्यावर उमटलेल्या ताज्या चाकोऱ्यांकडे पाहिले आणि मान खाली घातली. लुमीरने किल्ली फिरवली. आतून एक आवाज आला, वाळलेल्या काटक्यांची मोळी गुडघ्यावर मोडावी तसा, मग दुसरा, मग सेल्फ मोकळा, हलका, काहीच उचलत नसल्यासारखा फिरत राहिला. लुमीरने हात काढून घेतला. त्याला पुन्हा फिरवून पाहण्याची गरज नव्हती. लायल अजून झाकणावर हात ठेवून उभा होता, आणि तो हात कधी उचलावा हे त्याला कळत नव्हते.

"थंडीमुळे असेल," नोरीन म्हणाली. "थोडं थांबू आपण."

ते बराच वेळ थांबले. चांगली माणसे होती. मग पुकारणारा मळणीयंत्राकडे वळला, गर्दी सरकली, आणि नोरीन म्हाताऱ्याच्या बाहीला हात लावून म्हणाली, "छान ठेवलाय तुम्ही त्याला," आणि नवऱ्याला घेऊन गेली. कोणीतरी साखळी आणली. ट्रक कुंपणापाशी गेला. आर्लीन पडवीतून हे पाहत होती. ती दोन पावले पुढे आली आणि बापाची पाठ पाहून थांबली.

दुपारी भंगारवाला आला. हार्लन नाव, सभ्य माणूस, बोलताना टोपी काढणारा. "मालक, टाकी भरलेली असताना मला हा ट्रक माझ्या गाडीवर चढवता येत नाही. कापताना ठिणगी उडते. मी खालून भोक पाडतो, तुम्ही जरा लांब उभे राहा."

"भोक नको. बूच आहे तिला. मी काढतो."

"अहो, तुमचे गुडघे..."

"मी काढतो," लुमीर म्हणाला.

तो पुन्हा ट्रकखाली उताणा झाला. एर्विन काही न बोलता शेजारी बसला आणि बादली धरली. पाना लागला, बूच सुटले, आणि जे काल ओतवले नव्हते ते काळ्या चहासारखे, संथ, जाडसर धारेने खाली येऊ लागले. निम्म्याहून अधिक शिल्लक होते. एक बादली भरली, ती हार्लनने आपल्या पिंपात रिती केली; दुसरी भरली. लुमीर धारेकडे पाहत होता. काल ज्या वेदनेच्या भयाने त्याने बूच आवळले होते, ती आता येईल म्हणून त्याने सर्व अंग घट्ट धरले होते. ती आली नाही. ते पेट्रोल होते. त्यात कोणी नव्हते, संध्याकाळ नव्हती, पंपावर उभा असलेला मुलगा नव्हता. घाण वासाचे, कोणाच्याही कामाचे न उरलेले पेट्रोल होते ते, आणि कालही ते तेवढेच होते. धार बारीक झाली, थेंब झाली, थेंबही थांबले. तो तसाच पडून वर टाकीच्या रित्या भोकाकडे पाहत राहिला, काहीतरी यावे म्हणून.

"ऊठ, लुमीर," एर्विन हळूच म्हणाला. "जमीन गार आहे."

ज्याने बादली धरली आणि काही म्हटले नाही, त्याचे घर भरलेले राहो. त्या तरुण जोडप्याला हादरे न देणारी एखादी गाडी मिळो, आणि त्यांच्या माश्यांना फुलांचा तोटा न पडो. ज्याला पोट भरण्यासाठी इतरांचे मोडलेले उचलावे लागते, त्याच्या हातांना इजा न होवो. कोठारातून परत न आलेल्या त्या मुलाला शांती असो. आणि गार जमिनीवर पडून राहिलेल्या त्या पित्याला, आज नाही तर पुढे केव्हातरी, रडू येवो.